जीन्स घातलेल्या संताचं चित्र कसं काढायचं?

(आमच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय तुमच्याच एका प्रश्नातून आला आहे. वसईकडच्या एका धर्मग्रामातल्या युवा संघाने विचारलंय, "आम्हाला हॉलमध्ये लावायला संत कार्लो अकुतिसचं चित्र करायचं आहे. इंटरनेटवरचा फोटो मोठा छापून घेऊ की स्वतः काढू? आणि स्वतः काढायचं तर सुरुवात कुठून करायची?"

प्रश्न छोटा दिसतो, पण आत बरंच काही दडलंय. कारण या मुलाचे फोटो आहेत, व्हिडिओ आहेत. त्याच्या वर्गात बसलेली मुलं आज तिशीपस्तिशीत आहेत. संतांची चित्रं काढायची आपली सगळी सवय मात्र झगे, कमळासारखी लिली, वर वळलेले डोळे आणि ढग यांची. त्यात जीन्स आणि बूट कुठे बसवायचे? आणि त्याहून मोठा प्रश्न असा की पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्या चित्रासमोर उभी राहील तेव्हा तिला काय वाटावं? "हा माझ्यासारखा आहे" असं, की "हे आपलं काम नाही बुवा" असं?

तर आज आधी माणूस समजून घेऊ, मग जुन्या चित्रांनी काय शिकवलंय ते बघू, आणि शेवटी फळी, रंग, मापं. वही-पेन घेऊन बसलात तरी चालेल.

आधी माणूस

कार्लोचा जन्म ३ मे १९९१ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील इटालियन, वाढला मिलान शहरात. घर चांगलं सुखवस्तू होतं, ते लपवायचं कारण नाही. कुत्री-मांजरं पाळायचा, फुटबॉल खेळायचा, सॅक्सोफोन वाजवायचा, व्हिडिओ गेमही खेळायचा. कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग त्याने लहानपणीच आपलं आपण शिकायला सुरुवात केली. धर्मग्रामात लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचा. रस्त्यावर झोपणाऱ्या लोकांना जेवण आणि स्लीपिंग बॅग नेऊन द्यायचा. रोज मिस्साला जायचा. आणि जगभरात ख्रिस्तप्रसादाशी जोडलेले जे चमत्कार सांगितले जातात, म्हणजे लांचानो, बोल्सेना वगैरे ठिकाणचे, त्यांची माहिती गोळा करून त्याने वेबसाइट आणि प्रदर्शन तयार केलं. ते प्रदर्शन पुढे कितीतरी देशांत फिरलं.

ऑक्टोबर २००६ च्या सुरुवातीला त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं. अतिशय झपाट्याने वाढणारा प्रकार. १२ ऑक्टोबर २००६ रोजी मोन्झा इथल्या रुग्णालयात तो गेला. वय पंधरा. १० ऑक्टोबर २०२० रोजी असिसी इथे त्याला 'धन्यवादित' घोषित केलं गेलं. संतपदाचा सोहळा आधी २७ एप्रिल २०२५ ला ठरला होता, पण २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस वारले आणि तो पुढे गेला. शेवटी ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याच दिवशी तुरीनचा पिएर जॉर्जो फ्रासाती हाही संत झाला. डोंगर चढण्याचं वेड असलेला, १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी गेलेला तरुण. आपल्या ट्रेकवाल्या पोरांना तोही आवडेल, पण तो स्वतंत्र भाग होईल.

ही सनावळी मी उगाच सांगत नाही. चित्रातल्या दोन गोष्टी थेट यावरून ठरतात.

पहिली, प्रभावळ. १६२५ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी नियम केला की ज्यांना चर्चने अजून धन्य किंवा संत म्हटलेलं नाही, त्यांच्या डोक्यामागे प्रभावळ काढायची नाही. लोकांचं प्रेम धावत सुटतं, निर्णय मागाहून येतो, म्हणून हा लगाम. पुढे चित्रकारांत अशीही एक रीत पडली की धन्यवादितांच्या डोक्यामागे नुसती किरणं आणि संतांच्या मागे पूर्ण वर्तुळ. कार्लोच्या बाबतीत आता पूर्ण वर्तुळ काढायला काहीच हरकत नाही. मात्र तुम्ही २०२० ते २०२५ मधलं एखादं कार्ड समोर ठेवून नक्कल करत असाल, तर त्यावर 'धन्यवादित' लिहिलेलं असेल. तेच उतरवू नका.

दुसरी, काळ. ही तर फारच मजेची गोष्ट आहे. कितीतरी चित्रांत कार्लोच्या हातात चपटा स्मार्टफोन दिसतो. पहिला आयफोन बाजारात आला जून २००७ मध्ये. कार्लो गेला होता २००६ च्या ऑक्टोबरात. इन्स्टाग्राम तर २०१० चं. आज ज्याला लोक प्रेमाने 'इंटरनेटचा संत' म्हणतात, त्याने हातात धरून सरकवायचा तसला फोन कधी पाहिलाच नाही. त्याचा कॉम्प्युटर म्हणजे टेबलावरचा जाडजूड प्रकार, फार तर तितकाच जाड लॅपटॉप. फोन काढला की आपण त्याला आपल्यासारखं करतो आणि त्याचं वेगळेपण पुसून टाकतो. त्याने यंत्राकडे बसून काहीतरी बनवलं. नुसतं सरकवत बसणं वेगळं आणि बनवणं वेगळं, हे आपल्या मुलांना चित्रातूनच सांगता येईल.

जुन्या चित्रांनी केलेला घोटाळा

तरुण संतांच्या चित्रांचा इतिहास बघितला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस गेला की हळूहळू त्याला गुळगुळीत केलं जातं.

संत अलोयशियस गोन्झागा घ्या. १५६८ चा जन्म, मोठ्या सरदार घराण्यातला थोरला मुलगा. वारसा सोडून येशूसंघात गेला. १५९१ मध्ये रोममध्ये साथ आली तेव्हा हा आजाऱ्यांची सेवा करत होता, त्यांना उचलून नेत होता. त्यातच स्वतः आजारी पडून तेविसाव्या वर्षी गेला. आता डोळ्यांसमोर त्याचा पुतळा आणा. बहुतेक वेळा काय दिसतं? पांढरी लिली, हातात क्रूस, नाजूक चेहरा, खाली झुकलेली नजर. साथीतला आजारी माणूस त्याच्या हातात क्वचितच दिसतो. लिली म्हणजे शुद्धता, ते ठीकच. पण ज्या कामात त्याचा जीव गेला ते काम चित्रातून बाहेर राहिलं, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाटत राहिलं की हा एक गोरागोमटा, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला मुलगा होता. कोविडच्या काळात ज्यांनी वॉर्डात काम केलं, त्यांना हा संत किती जवळचा वाटला असता! पण चित्राने ती ओळखच करून दिली नाही.

दुसरं उदाहरण लिझ्यूच्या संत तेरेसाचं. १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी गेली, १९२५ मध्ये संत झाली. तिची सख्खी बहीण सेलिन त्याच मठात होती आणि १८९४ मध्ये मठात येताना चक्क कॅमेरा घेऊन आली होती. त्यामुळे तेरेसाचे खरे फोटो आहेत. पण तिच्या मृत्यूनंतर लोकांपर्यंत पोचली ती बहुतांशी सेलिनने हात फिरवलेली चित्रं आणि फोटो. चेहरा मऊ केलेला, डोळे मोठे, सगळं गोड गोड. मूळ काचांवरून काढलेले खरे चेहरे पुस्तकरूपाने आले १९६१ मध्ये. त्यात रुंद हनुवटीची, ठाम नजरेची, कधी थकलेली मुलगी दिसते. सेलिनचा हेतू वाईट नव्हता. बहिणीवर प्रेम होतं, आणि संत कसा दिसावा याची त्या काळाची कल्पना तिच्या डोक्यात होती. परिणाम मात्र असा झाला की जगाने जवळजवळ साठ वर्षं एका वेगळ्याच चेहऱ्यासमोर मेणबत्त्या लावल्या.

कार्लोचं हेच होण्याचा धोका आज जास्त आहे, कारण आता हात फिरवायला सेलिन लागत नाही, एक बटण पुरतं. एआयने बनवलेल्या त्याच्या चित्रांत तो जाहिरातीतल्या मुलासारखा दिसतो. त्वचेवर डाग नाही, केस विस्कटलेले पण तेही बेताने. आरशात आपली पुटकुळी बघून वैतागणाऱ्या मुलांसमोर आपण हे लावणार आहोत का? मला विचाराल तर नको.

मग फोटोच छापला तर?

फ्लेक्सवाल्याकडे फाइल दिली की संध्याकाळपर्यंत काम होतं, हे मान्य. पण दोन अडचणी आहेत.

एक कायद्याची. फोटो कुणीतरी काढलेला असतो आणि त्यावर त्याचा हक्क असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. कार्लोचा जन्मच १९९१ चा, तेव्हा त्याचा कुठलाही फोटो इतक्यात मोकळा होणार नाही. लावायचाच असेल तर रीतसर परवानगी घ्या किंवा परवानगी असलेली प्रत मिळवा. आणि एखादा फोटो जसाच्या तसा रंगात उतरवणं हीसुद्धा नक्कलच. पाच-सहा फोटो बघून चेहरा समजून घ्यावा आणि मांडणी, उभं राहणं, उजेड हे सगळं आपलं असावं.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. लाल पोलो शर्ट, खांद्यावर सॅकचे पट्टे, तो एक फोटो आता सगळीकडे आहे. कार्लोचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे, की माणसं जन्मतात अस्सल म्हणून, पण पुष्कळ जण मरतात फोटोकॉपी होऊन. आता ज्याने हे म्हटलं त्याचीच फोटोकॉपी लावायची, म्हणजे कमालच झाली ना!

आणि खरं सांगू का, युवा संघासाठी चित्रापेक्षा चित्र काढण्याचे सहा आठवडे मोलाचे असतात. फ्लेक्सकडे मुलं एकदा बघतील. जे डोळे काढताना तीन वेळा पुसावे लागले, ते डोळे ती विसरणार नाहीत.

आठशे वर्षांपूर्वीची एक युक्ती

इटलीत पेश्या नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसचं एक फळीवरचं चित्र आहे, बोनावेंतुरा बर्लिंगिएरी या चित्रकाराने १२३५ मध्ये केलेलं. फ्रान्सिस वारले १२२६ मध्ये. म्हणजे चित्र फक्त नऊ वर्षांनंतरचं! त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती. मधोमध फ्रान्सिस उभे, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन अशा सहा छोट्या चौकटी. एकीत ते पक्ष्यांशी बोलतायत, एकीत त्यांच्या अंगावर जखमांच्या खुणा उमटतायत, बाकीच्यांत लोक बरे होतायत.

आपल्याला चौकटींतून गोष्ट सांगणं नवीन नाही. पिंगुळीची चित्रकथी असो की पूर्वी भिंतीवर लावायचे ते संतचरित्राचे तक्ते, एकेक प्रसंग दाखवत गोष्ट पुढे न्यायची आपली जुनी रीत आहे.

माझा सल्ला असा की कार्लोचं चित्र या पद्धतीने करा. मध्ये तो, बाजूला त्याची सहा कामं. फायदे तीन. एका मुलाच्या हातात सगळं काम जात नाही, सहा जणांना सहा चौकटी मिळतात. मधला चेहरा थोडा कमीजास्त झाला तरी चौकटी त्याला ओळख देतात. आणि अलोयशियसच्या बाबतीत झालं तसं होत नाही, कारण त्याने काय केलं ते चित्रातच राहतं.

चौकटी कोणत्या? मी या सुचवेन:

१. लहान मुलांना धर्मशिक्षण देताना.
२. रस्त्यावर झोपलेल्या माणसाला स्लीपिंग बॅग देताना. त्या माणसाचा चेहरा दाखवा, पाठ नको. त्यालाही चेहरा आहे.
३. कॉम्प्युटरपुढे. पडद्यावर कंपनीचं चिन्ह नको, कटोरा आणि ख्रिस्तप्रसाद दिसू दे.
४. कुत्र्यांबरोबर खेळताना. ही चौकट सगळ्यात धाकट्याला द्या, तो जीव ओतेल.
५. चर्चमध्ये एकटा, गुडघ्यावर. पाठमोरा चालेल. आपण त्याच्या मागे बसलोय असं वाटलं पाहिजे.
६. रुग्णालयातली खाट, जवळ आईवडील.

सहाव्या चौकटीबद्दल थोडं थांबून बोलतो. बरेच जण ती टाळतील. म्हणतील, मुलांच्या हॉलमध्ये आजारपण कशाला? पण युवा संघात असं एखादं मूल असतंच ज्याने घरात कर्करोग पाहिलाय, किंवा ज्याचा वर्गमित्र गेलाय. त्याच्यासाठी तीच चौकट चित्राचं दार आहे. फक्त नाटक करू नका. आकाशातून किरणं, खाटेवर तरंगणारे देवदूत, यातलं काही नको. नळ्या आणि रक्तही नको. खाट, खिडकी, आईचा हात. कार्लोने आपलं दुखणं पोपसाठी आणि चर्चसाठी अर्पण केलं असं सांगितलं जातं. ते हाताच्या जुळणीतून दाखवता येईल. एकुलता एक मुलगा जातोय, हे दुःख आहे. त्याला दुःखच राहू द्या. श्रद्धा दुःखाला खोटं ठरवत नाही.

बूट, चिन्ह आणि थडगं

असिसीला कार्लोचं शरीर काचेमागे ठेवलेलं आहे. अंगात जीन्स, ट्रॅकसूटचं जॅकेट, पायात नायकीचे बूट, हातात रोझरी. हे दृश्य बघून कित्येकांना वाटतं की तो जसाच्या तसा झोपलाय. तसं नाही. त्याचं शरीर नैसर्गिक बदल झालेल्या अवस्थेत मिळालं हे असिसीच्या बिशपांनी २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं, आणि चेहरा सिलिकॉनचा वापर करून पुन्हा घडवलेला आहे. म्हणून चेहऱ्यासाठी थडग्याचा फोटो समोर घेऊ नका. जिवंतपणीचे फोटो घ्या. झोपलेला कार्लो नको, उभा असलेला, आपल्याकडे बघणारा कार्लो हवा.

बुटांचं काय? काढा, जरूर काढा. पण त्यावरचं चिन्ह काढू नका. ज्या देवळात तो ठेवलाय ते ठिकाण माहीत आहे ना? तरुण फ्रान्सिसने बापासमोर आणि बिशपांसमोर अंगावरचे कपडे उतरवून परत दिले, त्या प्रसंगाचं ते स्मारक. श्रीमंत कापडव्यापाऱ्याच्या मुलाने कपडे टाकले तिथे आज एक मुलगा स्पोर्ट्सचे बूट घालून विसावलाय. याचा अर्थ 'ब्रँड घाला' असा नक्कीच नाही. आपल्या हॉलमध्ये बसणाऱ्या सगळ्यांच्या पायात ते बूट नसतात. चिन्ह काढलं की काही मुलं संताआधी किंमत बघतील. साधे, थोडे मळलेले, लेस बांधलेले बूट पुरेत.

याच ओघात एक इशारा. २०२५ मध्ये कार्लोचे केस म्हणून काहीबाही इंटरनेटवर लिलावाला आलं होतं आणि असिसीच्या बिशपांनी पोलिसांत तक्रार केली. पवित्र अवशेषांची विक्री चर्चच्या कायद्यात स्पष्ट निषिद्ध आहे. चित्रासोबत 'अवशेष' मिळतोय असं कुणी सांगितलं तर हात जोडा आणि पुढे चला.

तो आपल्यासारखा दिसावा का?

हा प्रश्न नेहमी येतो. मूळचे गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला भारतीय स्त्री म्हणून रंगवलं, साडीत. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली, पुढे ते पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि तिथे काम करत राहिले. आज त्यांचं काम आपण अभिमानाने दाखवतो. मग कार्लोला सावळा का करू नये?

माझं मत असं. मरियेचा फोटो नाही. प्रत्येक देशाने तिला आपल्या घरातली बाई म्हणून पाहिलं, इटलीनेही तेच केलं. कार्लो मात्र कालपरवाचा मुलगा आहे. त्याचा चेहरा ठाऊक आहे, त्याची आई त्याच्याबद्दल बोलते. त्याचा चेहरा बदलणं म्हणजे त्याला पुसणं. चेहरा, केस, कपडे त्याचेच ठेवा. आपलं जे आहे ते कडेच्या पट्टीत येऊ द्या. पानवेल, केळीचं पान, मोगऱ्याची कळी. पाहुणा त्याच्या रूपात येतो, तोरण आपण आपल्या दाराचं बांधतो. तसंच हे.

आता मापं आणि साहित्य

फळी तीन फूट रुंद, चार फूट उंच. बारा मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लायवूड. म्हणजे ३६ इंच बाय ४८ इंच. खाली सहा इंचांची पट्टी नावासाठी सोडा. उरली ४२ इंच उंची. मध्ये १८ इंच रुंदीचा भाग कार्लोला, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांचे रकाने. प्रत्येक रकान्यात तीन चौकटी, म्हणजे एक चौकट नऊ बाय चौदा इंच.

चौकटी वेगळ्या पातळ फळ्यांवर करा, साडेआठ बाय साडेतेरा इंच. मुलं घरी नेऊन रंगवू शकतील आणि चारी बाजूंनी पाव इंच जागा सुटेल. शेवटी मोठ्या फळीवर बसवायच्या.

प्लायला पुढून आणि मागूनही प्रायमर लावा. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते, आपल्या किनारपट्टीच्या हवेत तर हमखास. पुढच्या बाजूला अ‍ॅक्रिलिक जेसोचे तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. रंग अ‍ॅक्रिलिकचे. लवकर वाळतात, पाण्याने ब्रश धुता येतात, वासही कमी.

मधली आकृती ३६ इंच उंच धरा. त्या वयाचा मुलगा साधारण साडेसात डोकी उंच असतो, म्हणजे डोकं पावणेपाच इंचांच्या आसपास येईल. प्रभावळ दहा इंच व्यासाची. आधी कागदावर साडेचार बाय साडेदहा इंचांचं कच्चं चित्र काढा, त्यावर अर्ध्या इंचाचे चौकोन आखा. फळीवर दोन इंचांचे चौकोन आखा. दोन्हीकडे आडवे नऊ आणि उभे एकवीस चौकोन येतील. मग एकेक चौकोन उतरवत जायचं. शाळेत नकाशा मोठा करायला शिकलो होतो, तीच पद्धत.

चेहऱ्याबद्दल दोनच सूचना. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिके ते फार वर काढतात. आणि या वयात गाल भरलेले असतात, जबडा अजून पक्का झालेला नसतो. हनुवटी फार धारदार केली की मुलगा पंचविशीचा दिसतो. नजर समोर ठेवा. वर आकाशात बघणारे संत आपल्याकडे पुष्कळ आहेत.

प्रभावळीला खरा वर्ख परवडणार नाही. बाजारातला नकली वर्ख पितळेचा असतो, वॉर्निश न मारता ठेवला तर दमट हवेत काळवंडतो. त्यापेक्षा पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, आणि त्यावर थोडा फिकट पिवळा. लांबून सोन्यासारखंच दिसतं.

नाव लिहिताना एकच लेखन ठरवा. 'अकुतिस' इटालियन उच्चाराला जवळचं आहे, 'अक्युटिस' असंही लिहिलं जातं. दोन्ही मिसळू नका.

टांगताना मागे बुचाचे छोटे तुकडे लावा, भिंत आणि फळी यांत हवा खेळली पाहिजे. पावसाळ्यात भिंतीची ओल थेट लागली तर दोन वर्षांत बुरशी धरेल. कार्लोचे डोळे उभ्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित वर आले की बास.

फादरांशी कधी बोलायचं?

आधी. कच्चं चित्र हातात असताना. देवळात लावायचं असेल तर त्यांची संमती लागतेच, कारण प्रतिमा किती आणि कुठे असाव्यात यात तारतम्य हवं असं चर्चचा कायदाच सांगतो. हॉलमध्ये लावायचं असलं तरी विचारा. पूर्ण झाल्यावर आशीर्वाद तेच देणार आहेत.

आणि मुलांना हेही सांगा की आपण फळीला नमस्कार करत नाही. इ. स. ७८७ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेपासून चर्च हेच शिकवत आलंय की प्रतिमेला दिलेला मान तिच्यातल्या व्यक्तीला पोचतो. शेजारचा मित्र विचारेल तेव्हा आपल्या पोरांना हे नीट सांगता आलं पाहिजे.

जाता जाता

वसईच्या मुलांसाठी एक जोडकाम. आपले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्यासोबत त्या दिवशी आणखी पंचवीस जण होते, आणि त्यांत तीन मुलगे होते. लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा, थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. नागासाकीला १९६२ मध्ये शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी सव्वीस जणांचं ब्राँझचं स्मारक केलं. सगळे एका रांगेत, जमिनीपासून सुटल्यासारखे, पावलं खाली लोंबणारी. त्या रांगेत तीन आकृत्या बाकीच्यांपेक्षा बुटक्या आहेत. शिल्पकाराने वेगळं काहीच केलेलं नाही, फक्त उंची खरी ठेवली. तेवढ्याने पोटात कालवतं.

कार्लोचं काम संपलं की पुढचं चित्र या तिघांचं करा. गोन्सालोंचं चित्र आपल्याकडे आहे, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलांचं फारसं कुठे दिसत नाही.

तुमच्या युवा संघाने काही केलं तर कच्च्या चित्रासकट फोटो पाठवा, मुलांची नावं नाही टाकली तरी चालेल. पुढच्या भागात फळीवरची अक्षरं कशी आखायची ते बघू, कारण चित्र छान आणि खालचं नाव वाकडं, हे आपल्याकडे फार होतं. तोपर्यंत, येतो.